गोराईच्या खाडीपलीकडचे स्वप्ननगर

मुंबईच्या उत्तर टोकाला, गोराईच्या खाडीपलीकडे 1989 साली सुरू झालेले एस्सेलवर्ल्ड 2022 मध्ये बंद झाले. शेजारचे वॉटर किंगडम चालू राहिले. पण पाळण्यांचे, आगगाड्यांचे आणि भुताच्या बोगद्यांचे ते मूळ उद्यान थांबले. ही बातमी आली तेव्हा आमच्या सिंधुदुर्गात ती जितक्या घरांत बोलली गेली, तितक्या घरांत मुंबईतल्या एखाद्या गिरणीची किंवा कारखान्याची बातमी अलीकडे बोलली गेली नसेल, कारण चाकरमान्यांच्या दोन पिढ्यांचे मे महिने त्या जागेशी बांधलेले होते. मी हिशेबाच्या व्यवसायात आहे. लोकांचे ताळेबंद तयार करणे आणि तपासणे हे माझे रोजचे काम, आणि त्या नजरेने पाहिल्यावर एस्सेलवर्ल्डचा उदय आणि अस्त ही मला केवळ आठवणींची गोष्ट वाटत नाही. आमच्याच तालुक्यात, तोंडवळी-वायंगणीला, असे एक स्वप्ननगर उभारण्याचा प्रस्ताव येऊन गेलेला आहे, म्हणून या गोष्टीकडे नीट पाहायला हवे असे मला मनापासून वाटते.

जागेपासून सुरुवात करावी लागेल. गोराई, मनोरी आणि उत्तन ही गावे ज्या भूभागावर आहेत त्याला जुने लोक धारावी बेट म्हणतात. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला मनोरीची खाडी आणि खाडीच्या काठाने कांदळवन. कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची ही जुनी वस्ती. मासेमारी, भाजीपाला, भातशेती आणि मिठागरे यांवर चाललेली. नकाशात बोरिवली समोरच दिसते, पण मध्ये पूल नाही. बोरिवलीच्या गोराई खाडीवरून किंवा मालाडच्या मार्वे जेट्टीवरून लाँचने पलीकडे जायचे, नाहीतर भाईंदरला वळसा घालून उत्तनच्या रस्त्याने यायचे. मुंबई महापालिकेच्या हद्दीत असूनही गोराई शहरापासून तुटलेली राहिली आणि तिथली जमीन मोकळी राहिली, ती या खाडीमुळेच. उद्यान तिथे उभे राहू शकले त्याचे पहिले कारण हे आहे. किनारपट्टी नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना फेब्रुवारी 1991 मध्ये निघाली, म्हणजे एस्सेलवर्ल्डचे दरवाजे उघडल्यानंतर. वॉटर किंगडम धरून सुमारे 64 एकरांचा हा पसारा खाडीकाठी आज कोणी नव्याने मागितला असता, तर त्याला पुष्कळ अधिक परवानग्यांतून जावे लागले असते.

काळही लक्षात घ्यायला हवा. त्या दिवसांत मुंबईच्या मध्यमवर्गीय मुलाच्या वाट्याला येणारी अद्भुत सृष्टी म्हणजे मलबार हिलवरच्या कमला नेहरू उद्यानातला म्हातारीचा बूट, राणीच्या बागेतले हत्ती, तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेमागचे मासे आणि चौपाटीवर हाताने फिरवला जाणारा लाकडी पाळणा. घरी दूरदर्शन होते. खासगी वाहिन्या अजून आलेल्या नव्हत्या. दिल्लीत 1984 मध्ये अप्पू घर सुरू झाले होते, त्याचे कौतुक आम्ही केवळ ऐकून होतो. अशा वेळी हरियाणातल्या हिसारहून आलेल्या, तांदळाच्या निर्यातीत आणि टूथपेस्टच्या नळ्यांच्या उत्पादनात पैसा मिळवलेल्या सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने गोराईच्या खाजणाशेजारी एवढे मोठे उद्यान उभारले. झी टीव्ही त्यानंतर, 1992 मध्ये आला. म्हणजे या समूहाने आधी लोकांना घराबाहेर काढून रिझवण्याचा व्यवसाय केला, आणि मग त्यांच्या घरात जाऊन रिझवण्याचा. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो, कारण दुसऱ्या व्यवसायाने पहिल्याचे नवल हळूहळू कमी केले.

आम्ही तेव्हा बोरिवलीला राहत होतो. मे महिन्यात गावाहून पाहुणे यायचे, कधी काका-काकी, कधी आत्याची मुले, आणि दोन खोल्यांत माणसे कशी मावतील या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा प्रश्न असायचा तो यांना एस्सेलवर्ल्डला कधी न्यायचे हा. तिकीट स्वस्त नव्हते. बाबा दोन-तीन महिने आधीपासून त्यासाठी पैसे बाजूला ठेवायचे आणि आई डबे बांधताना आत काय महाग मिळते याची यादी ऐकवायची. पण एकदा आत गेल्यावर त्याच तिकिटात पाळणे कितीही वेळा घेता यायचे, आणि हीच गोष्ट आमच्यासारख्यांना परवडणारी होती, कारण जत्रेत प्रत्येक पाळण्याला वेगळे पैसे मोजण्याची सवय असलेल्या मुलांना ही सूट म्हणजेच मोठी चैन वाटायची. मालवणात जन्म घालवलेल्या माझ्या काकांना लाँचच्या प्रवासाचे अर्थातच काही वाटत नसे. ते खाडीच्या पाण्याकडे आणि तरीच्या इंजिनाकडे पारखून पाहत, तांडेलाशी भरती-ओहोटीचे बोलत, आणि आमचे डोळे मात्र पलीकडच्या काठावर कांदळवनाच्या वर डोकावणाऱ्या लोखंडी सांगाड्यावर लागलेले असत.

झिपर डिपर नावाची तिथली लहान आगगाडी, म्हणजे रोलर कोस्टर, मला सगळ्यांत जवळची. चढण सुरू झाली की खालून टक-टक-टक असा आवाज यायचा, आणि तो आवाज जितका सावकाश तितकी पोटात कालवाकालव अधिक. पुढे माझा आतेभाऊ अशाच एका मनोरंजन उद्यानात फिटर म्हणून लागला, तेव्हा तो आवाज कशाचा हे त्याने मला समजावून सांगितले. चढणीवर गाडीला वर ओढणारी साखळी असते आणि रुळांच्या मध्ये दात्यांची एक पट्टी असते. गाडीच्या पोटाखालची लोखंडी जीभ त्या पट्टीच्या एकेका दात्यावरून उचलली जाते आणि पुढच्या खाचेत पडते. साखळी तुटली, वीज गेली, काहीही झाले तरी जीभ खाचेत अडकून गाडी मागे घसरू देत नाही. म्हणजे ज्या आवाजाने मुले घाबरतात तो सुरक्षिततेचा आवाज असतो. माथ्यावर पोहोचल्यावर साखळी सुटते आणि त्यानंतर सगळ्या प्रवासात कोणतेही यंत्र गाडी ओढत नाही. उंचीने दिलेली ताकद संपेपर्यंत ती धावते आणि शेवटी ब्रेक तिला थांबवतात.

त्याच्याकडूनच मला समुद्रकाठच्या उद्यानाची खरी दुखणी कळली. लोक यायच्या आधी रोज सकाळी प्रत्येक पाळणा रिकामा फिरवायचा, मग वजनाच्या गोणी ठेवून फिरवायचा, नट-बोल्टवर मारलेल्या रंगाच्या खुणा सरकल्या आहेत का ते पाहायचे, वेल्डिंगच्या जोडांवर केसासारखी चीर दिसते का ते टॉर्चच्या उजेडात तपासायचे. खारा वारा लोखंडाला दोन प्रकारे खातो. उघड्या पृष्ठभागावरचा गंज दिसतो आणि तो खरवडून रंग देता येतो. पण नळीच्या आत आणि दोन पत्र्यांच्या सांध्यात शिरलेले खारे पाणी वर्षानुवर्षे आतून काम करत राहते. त्यात कोकणचा पाऊस. जून ते सप्टेंबर गर्दी ओसरते, पण वंगण, रंग आणि तपासणी यांचा खर्च नेमका तेव्हाच वाढतो. ज्यांनी किनाऱ्यावर पत्र्याचे छप्पर घातले आहे किंवा यांत्रिकी होडीचे इंजिन सांभाळले आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

आता ताळेबंदाकडे येते, कारण माझ्या मते उद्यानाच्या आयुष्याची रेषा तिथेच स्पष्ट दिसते. अशा व्यवसायात बहुतेक खर्च माणसे आली तरी होतो आणि नाही आली तरी होतो. पाळणा चाळीस माणसे घेऊन फिरला काय आणि चार घेऊन फिरला काय, चालकाचा पगार, वीज, तपासणी आणि विमा जवळपास तेवढाच. उत्पन्न मात्र मे महिना, दिवाळीची सुट्टी, नाताळ, शनिवार-रविवार आणि शाळांच्या सहली यांत एकवटलेले असते. म्हणून मोजक्या दिवसांच्या गर्दीने वर्षभराचे रिकामे दिवस पोसायचे असतात. त्यात पाळण्याचे नवल टिकत नाही. पहिल्या वर्षी ज्याच्यासाठी रांग लागते त्याच्याजवळ पाच वर्षांनी माणूस सहज येऊन बसतो, म्हणून दर काही वर्षांनी नवे काही आणावेच लागते. एस्सेलवर्ल्डने ते केलेही. थंडर आला, उंचावरून धाडकन खाली सोडणारा शॉट-एन-ड्रॉप आला, वेषधारी माणसे अंगावर येणारे मॉन्स्टर्स इन द मिस्ट आले, 2019 मध्ये पक्षी उद्यान आले. इतकी वर्षे हा खटाटोप करत राहणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि ज्यांनी ते चालवले त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे.

परंतु ताळेबंदात एक गोष्ट शांतपणे चाललेली असते. यंत्रांवर दरवर्षी घसारा, म्हणजे वापराने आणि वयाने होणारी किमतीतली घट, काढला जातो. जमिनीवर काढला जात नाही. पाळण्याची पुस्तकी किंमत वर्षागणिक उतरत शून्याकडे जाते आणि जमीन पुस्तकात खरेदीच्या किमतीलाच उभी राहते, मात्र बाहेर बाजारात तिची किंमत चढत जाते. बोरिवली-भाईंदर पट्टा या काळात कसा वाढला हे मुंबईत राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे. कधीतरी एक वर्ष असे येते की त्या वर्षी पाळण्यांनी मिळवलेल्या पैशापेक्षा ती जमीन नुसती पडून राहिल्याने अधिक मोलाची झालेली असते. त्या वर्षी कोणी टाळे लावत नाही. दिवे लागतात, गाणी वाजतात, तिकिटे फाडली जातात. पण त्यानंतर नव्या पाळण्यावर खर्च करावा की नाही या प्रश्नाचे उत्तर व्यवस्थापनाच्या बैठकीत बदललेले असते. कोणत्या एका उद्यानाच्या बैठकीत नेमके काय बोलले गेले यावर मी भाष्य करत नाही. शहराच्या वेशीवरच्या प्रत्येक मनोरंजन उद्यानाला हा हिशेब कधी ना कधी भेटतो एवढेच माझे म्हणणे आहे.

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडची हकीकत यासाठी वाचण्यासारखी आहे. तेही समुद्रकाठचेच. तिथे 1897 मध्ये जॉर्ज टिल्यू यांनी स्टीपलचेस पार्क काढले, 1903 मध्ये लूना पार्क आणि 1904 मध्ये ड्रीमलँड उभे राहिले. ड्रीमलँडमध्ये मनोरे, विजेच्या दिव्यांची आरास, नरकाच्या दाराचा देखावा असे सगळे होते. 1911 च्या मे महिन्यात हंगामाच्या तोंडावर दुरुस्तीचे काम चालू असताना त्याच नरकाच्या दाराच्या देखाव्यात आग लागली आणि उद्यान जळून गेले. स्टीपलचेस मात्र आगी, मंदी आणि महायुद्धे यांतून तगले आणि 1964 मध्ये बंद झाले. त्याची जागा फ्रेड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाने घेतली, 1966 मध्ये तिथला काचेचा मोठा मंडप पाडला, आणि पुढे निवासी इमारतींसाठी जमिनीच्या वापराची परवानगी त्याला मिळालीच नाही. मंडपही गेला आणि घरेही झाली नाहीत. जपानमध्ये नारा शहरात अमेरिकेतल्या डिस्नेलँडच्या धर्तीवर 1961 मध्ये नारा ड्रीमलँड सुरू झाले होते. टोकियोला 1983 मध्ये खरे डिस्नेलँड आले, 2001 मध्ये जवळच ओसाकाला युनिव्हर्सल स्टुडिओचे उद्यान आले, आणि 2006 मध्ये नाराचे उद्यान बंद पडले. त्याचा किल्ला आणि लाकडी आगगाडी दहा वर्षे झाडाझुडपांत तशीच उभी होती.

आपल्याकडे स्पर्धा वेगळ्या रूपाने आली. मॉल आले, मल्टिप्लेक्स आले, मॉलच्या वरच्या मजल्यावर वातानुकूलित खेळघरे आली, आणि दिवसभर उन्हात रांग लावण्याऐवजी दोन तासांत मुलांना रमवून घरी येणे आईवडिलांना सोयीचे झाले. मग 2013 मध्ये रायगड जिल्ह्यात, खोपोलीजवळ, अॅडलॅब्ज इमॅजिका सुरू झाले. वडाळ्याला 2001 मध्ये आयमॅक्सचा घुमट उभारणारे मनमोहन शेट्टी हे त्याचे प्रवर्तक. अलिबाबाची गुहा, शापित किल्ला, देवांचा कोप असे कथानकांवर बेतलेले खेळ आणि नायट्रोसारखी प्रचंड आगगाडी यांमुळे ते कल्पनासृष्टीचे उद्यान या नावाला खऱ्या अर्थाने पात्र होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने थेट दारापर्यंत जाता येत असे. लाँचची वाट पाहावी लागत नसे. पण त्याच्यावर एक हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज साचले. 2015 मध्ये समभाग विक्रीला काढूनही ओझे हटले नाही आणि अखेर 2022 मध्ये कर्जाची पुनर्रचना होऊन ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेले. नव्या मालकांच्या हाती ते चालू राहिले, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही 2022 हे वर्ष पाहा: कोकण विभागातले एक मोठे उद्यान बंद झाले आणि दुसरे मूळ मालकाच्या हातून गेले.

करांचाही वाटा होता. जुलै 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या तिकिटावर 28 टक्के दर लागला. तो जानेवारी 2018 अखेर 18 टक्क्यांवर आणला गेला. पाच जणांच्या कुटुंबाच्या तिकिटात हा फरक चांगलाच जाणवतो. त्यानंतर मार्च 2020 आला, आणि ज्या व्यवसायाचा सगळा आधार गर्दीवर, त्याला गर्दीच निषिद्ध झाली. माझ्या ग्राहकांतल्या लहानमोठ्या पर्यटन व्यावसायिकांचे त्या वर्षाचे हिशेब मी पाहिले आहेत. उत्पन्नाचा रकाना कोरा आणि खर्चाचा भरलेला. विशेषतः यंत्रे ज्यांच्याकडे होती त्यांची अवस्था वाईट, कारण होडी, कॉम्प्रेसर किंवा पाळणा वापरला नाही तरी गंजतो.

वॉटर किंगडम का टिकले, याचेही उत्तर मला या हिशेबात सापडते. ते 1998 मध्ये सुरू झाले. पाण्याच्या घसरगुंड्या फायबरच्या असतात, त्यांत फिरणारे भाग थोडे. मुख्य खर्च पंपांचा आणि पाणी गाळून शुद्ध ठेवण्याचा. आणि माणूस तिथे नवलासाठी जात नाही, गारव्यासाठी जातो. एप्रिल-मेच्या उकाड्यात पाण्यात डुंबण्याची इच्छा दरवर्षी नव्याने होते, तिला नवा पाळणा आणावा लागत नाही. ज्यांच्या परसात विहीर आणि वाटेवर ओढा आहे त्या आमच्या गावच्या मुलांनाही वॉटर किंगडमचे आकर्षण होते, यावरून ते कळावे.

एस्सेलवर्ल्डच्या शेजारीच ग्लोबल विपश्यना पॅगोडा आहे. त्यासाठीची जमीन सुभाष चंद्रा यांनी दान दिली होती. सुमारे 325 फूट उंचीच्या त्या वास्तूत मधोमध एकही खांब नाही. एकमेकांत अडकवलेल्या दगडांवर घुमट तोललेला आहे आणि आत एका वेळी 8000 साधक बसू शकतात. 8 फेब्रुवारी 2009 रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दगड निवडण्यामागे वास्तू शतकानुशतके टिकावी हा विचार होता. लोखंडाचे पाळणे आणि दगडाचा घुमट एकाच खाऱ्या वाऱ्यात शेजारी उभे असलेले मी पाहिले आहेत, आणि दोन्ही बांधणाऱ्यांनी आपापल्या कामाचे आयुष्य किती धरले होते याचा फरक तिथे डोळ्यांना दिसत असे.

आणि गावे? गोराई-मनोरी-उत्तनच्या लोकांचा या सगळ्याशी संबंध गुंतागुंतीचा राहिला. लाँच, रिक्षा, खाणावळी, बंगले भाड्याने देणे, उद्यानातल्या नोकऱ्या यांतून काही घरांना उत्पन्न मिळाले. पण 2000 नंतरच्या दशकात याच पट्ट्यात पर्यटनासाठी विशेष आर्थिक क्षेत्र करण्याचा प्रस्ताव पुढे आला, तेव्हा गावे एक झाली आणि त्यांनी विरोध केला. शेते, घरे, चर्च, जाळी वाळवण्याच्या जागा सारेच त्या आखणीत जाणार असे त्यांना दिसत होते. ते क्षेत्र झाले नाही. 64 एकरांचे उद्यान शेजारी म्हणून सामावून घेणे आणि सगळे बेटच कोणाच्या तरी आराखड्यात जाणे, यांतला फरक त्या लोकांनी नेमका ओळखला असे मी मानते.

हाच फरक आमच्याकडे तोंडवळी-वायंगणीत पुढे आला. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाल्यापासून इथे काहीतरी भव्य व्हावे अशी राजकारण्यांची इच्छा आहे, आणि सी वर्ल्ड हा समुद्री उद्यानाचा प्रकल्प त्यांतला सर्वांत गाजलेला. सुमारे 1390 एकर जमीन त्यासाठी लागेल असे सांगितले गेले. ज्यांनी तोंडवळी पाहिली आहे त्यांना ती जागा आठवत असेल: एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला गड नदीची खाडी, मध्ये तळाशीलपर्यंत गेलेली वाळूची अरुंद पट्टी, सुरूचे बन, माडांखालची घरे आणि किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचे लांब जाळे, ओढणारी माणसे. वायंगणीच्या बाजूला सडा म्हणजे कातळाचे पठार, आणि आंबा-काजूच्या बागा. ग्रामस्थांनी जमीन देण्यास नकार दिला, मोजणीला विरोध केला; पुढे क्षेत्र कमी करण्याच्या गोष्टी झाल्या, पण प्रकल्प उभा राहिला नाही. त्या काळात बाहेरून येणाऱ्यांनी आमच्या लोकांना विकासविरोधी म्हटले. मला तो शब्द अन्यायाचा वाटला आणि आजही वाटतो. गोराईच्या उद्यानाच्या कितीतरी पट जमीन मागितली जात होती, आणि मुंबईच्या लक्षावधी घरांच्या शेजारी असूनही जे उद्यान शेवटी टिकले नाही, तसले काही इथे चारशे-पाचशे किलोमीटरवर बारमाही गर्दी कशी खेचणार याचे उत्तर कोणी देत नव्हते. उद्यान बुडाले असते तर यंत्रे भंगारात गेली असती. पण सातबाऱ्यावरून उतरलेले नाव पुन्हा चढले नसते.

कोकणाला कल्पनासृष्टीचे वावडे आहे असे मात्र कोणी समजू नये. आमच्याकडे दशावतार आहे. देवळासमोरच्या मांडवात एक बाकडे ठेवलेले असते. तेच इंद्राचे सिंहासन, तेच पर्वताचे शिखर आणि तेच राजकन्येचे शयनगृह. संकासूर आला की पुढच्या रांगेतली मुले आईच्या कुशीत शिरतात. पहाटे खेळ संपतो, पेटारे बांधले जातात आणि कंपनी दुसऱ्या गावच्या जत्रेला निघते. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा दीड दिवसाची. तिची तारीख पंचांगात ठरलेली नसते. देवीचा कौल मिळाल्यावर ती जाहीर होते, आणि मग मुंबईहून रेल्वे भरभरून येतात, लाखो माणसे दर्शन घेतात, आकाशपाळणे लागतात, मौत का कुआँमध्ये मोटारसायकली फिरतात, मालवणी खाजे आणि खेळणी यांच्या रांगा लागतात. जत्रा संपली की पाळणेवाले आपले खांब उपटून ट्रकवर चढवतात. खाली जमीन ज्याची होती त्याचीच राहते, आणि पाळणेवाल्याला रिकाम्या दिवसांचा खर्च सोसावा लागत नाही, कारण तो गर्दीच्या मागून गावोगाव जातो. मनोरंजनाच्या व्यवसायाला जो रोग जडतो, एका जागी बसून गर्दीची वाट पाहण्याचा, तो या रचनेला जडतच नाही.

म्हणून कायमचे उद्यान नकोच असे मी म्हणणार नाही. एस्सेलवर्ल्डने माझ्या पिढीला जे दिले ते जत्रेच्या पाळण्याने दिले नसते. गावाहून आलेली माझी आतेबहीण तिथल्या झगमगाटात इतकी हरखून गेली होती की तिने परतल्यावर शाळेच्या निबंधात तेच लिहिले. असे काही आमच्या मुलांनाही जवळपास मिळावे असे मला वाटते. परंतु तसा प्रस्ताव पुन्हा ग्रामसभेपुढे आला तर त्यात काही गोष्टी आधी लिहून घ्याव्यात अशी माझी आग्रहाची मागणी राहील. जमीन विकत द्यायची नाही, ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्याने द्यायची. उद्यान सलग काही हंगाम बंद राहिले तर पट्टा आपोआप संपेल आणि जमीन मूळ मालकांकडे परत जाईल, असे कलम हवे. सांगाडे आणि काँक्रीटचे पाये काढून जागा मोकळी करून देण्याचा खर्च चालकाने पहिल्याच वर्षी बँकेत अनामत म्हणून ठेवावा, कारण बंद पडलेल्या कंपनीकडून तो वसूल होत नाही हे मी माझ्या कामात पाहत आले आहे. जमिनीचा वापर मनोरंजनासाठीच राहील आणि तो बदलायचा झाल्यास ग्रामसभेची संमती लागेल, हेही करारात असावे. आणि प्रवर्तकांनी बारा महिन्यांचा अपेक्षित जमाखर्च, पावसाळ्याच्या चार महिन्यांसह, मराठीत छापून घरोघर वाटावा. तो तपासून ग्रामस्थांना समजावून सांगण्याचे काम मी आणि माझ्या व्यवसायातली इथली मंडळी विनामोबदला करू.